इन्स्टॉलेशन अर्धवट राहिलं आणि डिस्कच गायब झाली

लिनक्स इन्स्टॉल होत असताना वीज गेली. परत आल्यावर डेस्कटॉप सुरू केला, तर बूट करण्याजोगं उपकरण सापडत नाही, एवढाच संदेश. लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करता थेट चालतं) लावून डिस्कची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके' ही आज्ञा चालवली, तर यादीत फक्त पेनड्राइव्ह. ज्या डिस्कवर इन्स्टॉलर नुकता फाइली उतरवत होता, तिचा पत्ताच नाही. होम पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या माझ्या फाइली असलेल्या भागात, शेवटच्या बॅकअपनंतरचं बरंच काम होतं. पोटात गोळा आला.

अशा वेळी केबल बदला, फॉरमॅट मारा असे सल्ले लगेच मिळतात. माझं मत वेगळं आहे: डिस्क नेमकी कोणाला दिसत नाही, हे आधी बघावं. बायोसलाच (मदरबोर्डवरच्या, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) दिसत नसेल तर बहुधा जोडणी सैल किंवा डिस्क खराब. बायोसला दिसते पण लिनक्सला नाही, तर कंट्रोलरच्या (डिस्क सांभाळणाऱ्या चिपच्या) सेटिंगवर संशय. दोघांनाही दिसूनही बूट होत नसेल, तर पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची नोंद) नाहीतर बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) बिघडलेला. हे ठरेपर्यंत डिस्कवर काहीही लिहायचं नाही.

बायोसमध्ये एनव्हीएमई डिस्कचं (एका वेगवान एसएसडीचं) मॉडेल, क्षमता सगळं व्यवस्थित होतं. तारीख मात्र काही वर्षं मागची! धागा तिथेच सापडला. मदरबोर्डवर सीआर२०३२ ही ३ व्होल्टची चपटी बॅटरी असते. प्लग चालू असेपर्यंत बोर्डाला वीज मिळत राहते, त्यामुळे ती संपल्याचं कळतही नाही. वीज पूर्ण गेली की घड्याळ मागे जातं आणि सेटिंग मूळपदावर येतात. माझा स्टोरेज मोड (डिस्क कशी हाताळायची ते ठरवणारं सेटिंग) असाच साध्या एएचसीआयवरून पुन्हा रेडवर (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत) गेला होता, आणि त्या मोडमध्ये इंटेलचा कंट्रोलर एनव्हीएमई डिस्क स्वतःच्या आड ठेवतो. 'डीमेसेज' या संदेशांच्या नोंदीत कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) हे लिहूनही ठेवलं होतं: रिमॅप केलेलं एक एनव्हीएमई उपकरण सापडलं, ते वापरायचं तर बायोसमध्ये रेडऐवजी एएचसीआय करा. इतकी स्पष्ट सूचना पाहून फार हायसं वाटलं.

एएचसीआय करताच डिस्क दिसली. (त्याच संगणकावर रेड मोडमध्ये बसवलेलं विंडोज असेल तर थांबा; मोड थेट बदलला की ते बहुतेकदा सुरू होत नाही, आधी सेफ मोडची तयारी करावी लागते.)

पुढचं काम सावकाश केलं. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल'मध्ये मीडिया एरर शून्य. मग 'डीडीरेस्क्यू' या प्रोग्रामने बाहेरच्या डिस्कवर अख्खी प्रतिमा (डिस्कची हुबेहूब प्रत) घेतली आणि होम पार्टिशन त्या प्रतिमेतूनच 'आरओ, नोलोड' (फक्त वाचा, जर्नल चालवू नका) देऊन माउंट केलं, म्हणजे वाचण्यासाठी जोडलं. नुसतं 'आरओ' पुरत नाही, कारण ईएक्सटी४ ही फाइलसिस्टम तरीही जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) चालवून बदल करू शकते. फाइली उघडल्या, सगळ्या शाबूत होत्या.

मग नवी बॅटरी बसवली, तारीख लावली, एएचसीआय कायम आहे ना ते पाहिलं आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवला. पार्टिशन हाताने निवडली: रूट (लिनक्सचा स्वतःचा भाग) फॉरमॅट, होमला हात नाही, बूटच्या फाइलींची फॅट३२ ईएफआय पार्टिशन तीच. शेवटी बूटच्या नोंदी दाखवणाऱ्या 'ईएफआयबूटएमजीआर'च्या यादीत नवी नोंद पहिल्या क्रमांकावर होती.