मिनिटाला चाळीस

भोसरी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत धूळ ओढणारा ब्लोअर आहे. मोटर दोन पोलची, २९८० आरपीएमची. दिवाळीच्या शटडाउनमध्ये बेअरिंग बदललं, आमच्याच कंपनीच्या माणसाने लेझर लावून अलाइनमेंट केली, म्हणजे मोटर आणि पंख्याचे शाफ्ट एका रेषेत आणले, आणि व्हायब्रेशन कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. जानेवारीत पुन्हा अलाइनमेंट. तरी तेच. तिसऱ्या खेपेला मला पाठवलं, तेही क्लायंट बिल अडवून बसला म्हणून.

आधीच्या दोन्ही रिपोर्टांत, व्हायब्रेशनच्या आलेखावर, १०० हर्ट्झच्या आसपास एक मोठा पीक, म्हणजे उंच सुळका. शाफ्टचे सेकंदाला ४९.६७ फेरे, त्याची दुप्पट ९९.३३. दुपटीला पीक दिसला की अलाइनमेंट चुकलीय, हे आमच्या धंद्यातलं घोकलेलं उत्तर.

मी सेन्सर चिकटवत होतो तेवढ्यात तिथले ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, ह्याला धाप लागती. जरा ऐका की."

खरंच लागत होती. घूंऽऽ चढायचं, उतरायचं, परत चढायचं. मामांनी घड्याळ पुढे धरलं. मिनिटाला ४०.

अकरावीची त्रिकोणमिती आठवली. साइन ए अधिक साइन बी. जवळजवळच्या दोन वारंवारितांची बेरीज म्हणजे मधला एक सूर, आणि त्याला फुगवणारा-दाबणारा एक संथ कोसाइन. कोसाइनची वारंवारिता फरकाच्या निम्मी. विजेच्या पन्नासाची दुप्पट १००, वजा शाफ्टचे ९९.३३, म्हणजे ०.६७, त्याचं निम्मं धरलं तर मिनिटाला २०. क्षणभर वाटलं, मामांचं मोजणं चुकलं. मग ट्यूब पेटली : कोसाइन उणे झाला तरी आवाज मोठाच असतो, कानाला चिन्ह कळत नाही. एका आवर्तनात दोनदा फुगणार. मामांचे ४० बरोबर होते, माझे २० चुकले होते.

म्हणजे पीक एक नव्हता, दोन होते. एक शाफ्टचा. दुसरा बरोबर १००चा, विजेचा. पन्नासच्या पुरवठ्यात चुंबकाची ओढ प्रत्येक आवर्तनात दोनदा बसते. आधीच्यांनी आलेखाचे १००० हर्ट्झपर्यंत ४०० खण, आमच्या भाषेत रेषा, ठेवल्या होत्या, म्हणजे एक रेषा अडीच हर्ट्झची. दोघं एकाच खणात कोंबलेले. मी २०० हर्ट्झ आणि ३२०० रेषा लावल्या. त्याला १६ सेकंदांचं रेकॉर्डिंग लागतं. फूरिएच्या गणितात ही किंमत चुकत नाही : जितकं बारीक वेगळं करायचं, तितका वेळ ऐकायचं. आमच्या नव्या पोरांना ते १६ सेकंद जड जातात. "सॉफ्टवेअर करतंच की सर." मी फार बोलत नाही, माझाही एम-थ्री, इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, दुसऱ्या खेपेला सुटलाय.

स्क्रीनवर दोन सुळके उभे राहिले, १००चा उंच. मामांना स्विच पाडायला सांगितलं. पंखा अजून गरगरत होता, पण १००चा सुळका तत्क्षणी गायब. बिघाड मेकॅनिकल असता तर तो पंख्याबरोबर हळूहळू उतरला असता.

मग हालचाल मोजणारा डायल लावून मोटरच्या पायांचे बोल्ट एकेक ढिले केले. मागच्या डाव्या पायाला काटा ०.१८ मिलिमीटर उडाला. पाय नीट टेकलेलाच नव्हता. बोल्ट आवळला की मोटरचा सांगाडा पिळायचा, आतली रोटर-स्टेटरमधली फट एकीकडे कमी व्हायची. पायाखाली सहा पातळ शिमांची, म्हणजे उंची भरून काढणाऱ्या पत्र्यांची, चळत, स्प्रिंगसारखी दबणारी. तीन-चारच्या वर शिम घालू नयेत, हे आम्ही ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सांगतो.

एकच जाड शिम घालून चालू केलं. मामा कान देऊन उभे. "गेली धाप."

मॅनेजर म्हणाले, "मग आधी दोनदा काय केलंत तुम्ही लोकांनी?"

मामा हळूच म्हणाले, "दिवाळीनंतरच लागली होती. त्या वेळच्या साहेबांना बोललो होतो मी."

रिपोर्टात 'सॉफ्ट फूट (पाय न टेकणं), शिम बदलला' एवढंच लिहिलं. काढलेल्या सहा शिमांवर आमच्याच कंपनीचा शिक्का होता. त्या पुसून मी बॅगेत टाकल्या.