जोडा हिरवा की राखाडी

"मॅडम, ॲपमध्ये हिरवा दाखवून राहिला. तुमचा जोडा तर राखाडी आहे. रिजेक्ट मारावा लागते."

फाटकापाशी उभ्या पोराने मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोतला जोडा खरंच हिरवट होता आणि माझ्या हातातला आषाढातल्या आभाळासारखा. खोक्यावरचा नंबर, बिलावरचा नंबर, रंगाचं छापील नाव, सगळं एकच होतं. पण स्टुडिओतले दिवे आणि नागपुरातल्या काटोल रोडवरचं दुपारी तीनचं ऊन यांच्या भांडणात माझे 6,499 रुपये अडकले होते.

ऑनलाइन मागवलेला जोडा बदलून घेण्याची ही तिसरी फेरी.

आठवड्यातून तीनदा मी सेमिनरी हिल्सला पळायला जाते. घरापासून डांबरी रस्ता, मग मुरमाची वाट. माझे जुने रस्त्यावरचे जोडे त्या सुट्या खड्यांवरून असे घसरायचे जशी काही खाली ज्वारी सांडली आहे. त्यात डिसेंबरात कळसूबाईचं ठरलं, विदर्भ एक्स्प्रेसची तिकिटंही निघाली. म्हटलं, पळायला आणि चढायला एकच दणकट जोडी घेऊ.

निवडण्यात पंधरा दिवस गेले आणि ते मजेत गेले. तळव्याच्या नक्षीतल्या उंचवट्यांना लग म्हणतात, हे तेव्हा कळलं. आपल्याकडच्या कडक, कोरड्या जमिनीला 3 ते 4 मिलिमीटरचे लग पुरतात. 6 मिलिमीटरचे खोल लग चिखलासाठी. डांबरावर ते टोचतात आणि लवकर झिजतात. पावसाळ्यात गोरेवाड्याकडे काळ्या मातीत जाणार असाल तर लग विरळ बघा, दाट असले की माती त्यांच्यात बसते आणि प्रत्येक पायाला किलोभर वजन घेऊन घरी यावं लागतं. सह्याद्रीच्या ओल्या कातळावर मात्र लगच्या खोलीपेक्षा रबर किती चिकटतं ते महत्त्वाचं. शेवाळावर काहीच चालत नाही, तिथे बसून उतरायचं.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप. साध्या रनिंग शूजमध्ये तो बहुतेक 8 ते 10 मिलिमीटर असतो. ॲल्ट्रा कंपनीचे बहुतेक जोडे शून्य ड्रॉपचे आणि पुढून ऐसपैस म्हणून मोह झाला होता, पण इतकी वर्षं उंच टाचेवर पळणाऱ्या पोटऱ्यांना एकदम सपाटीवर आणलं तर त्या बोंबलणार. मी 6 मिलिमीटरवर थांबले.

इतका अभ्यास केला आणि माप मात्र घेतलं नाही. चपलेचा नंबर टाकला आणि मोकळी झाले. जोडा आला, घालून पायऱ्या उतरले, तर डाव्या पायाचं दुसरं बोट पुढे टेकलं. माझं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

काय हरकत आहे, दहा दिवसांत बदलून मिळतो, असं लिहिलंच होतं. तिसऱ्या दिवशी अर्ज टाकला.

पहिल्या फेरीला आलेल्या माणसाने खोकं उलटंपालटं केलं आणि "डॅमेज आहे" म्हणाला. डॅमेज म्हणजे काय, तर त्यांच्याच कुरिअरने पत्त्याचा कागद थेट जोड्याच्या खोक्यावर डकवला होता. तो मी काढायला गेले आणि वरचा पापुद्रा निघाला. न काढता दिला असता तरी चाललं नसतं म्हणे.

दुसऱ्या फेरीसाठी अर्धी रजा टाकली. बारापासून पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले, जेवणाचं ताटसुद्धा तिथेच घेतलं. 1:40 ला मेसेज आला: ग्राहक घरी उपलब्ध नव्हते. मी फाटकाकडे बघत हातात घास घेऊन तो मेसेज वाचला. ना कोणी आलं, ना फोन वाजला.

तिसऱ्या फेरीचं वर सांगितलंच. ती झाली आणि त्याच रात्री दहा दिवसांची मुदत संपली. मी चॅट उघडलं. आधी यंत्र बोललं, मग माणूस आला आणि म्हणाला, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. त्याला काहीही समजलेलं नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. खोकं, मेसेज, हिरवा, राखाडी. पाचव्याला सांगताना मला ती गोष्ट पाठ झाली होती. प्रत्येकाचं उत्तर एकच, 24 ते 48 तास थांबा. थांबले की तक्रार 'निकाली' निघालेली दिसायची. नवरा म्हणाला, "ठेव ना, पातळ मोजे घाल." त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मग बँकेतल्या एका सहकाऱ्याने वाट दाखवली, ती मी आधीच शोधायला हवी होती. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क साइटवर द्यावा लागतो. पानाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात असतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं. मी मेल लिहिला. जोड्याच्या जिभेच्या आतल्या लेबलचा फोटो, खोक्याचा, बिलाचा, 1:40 च्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि त्या दिवशीच्या कॉल लॉगचाही, ज्यात कुरिअरचा एकही कॉल नव्हता. पोच आली. मग सामसूम. म्हणून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून नंबर दिला. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही तेव्हाच वाचून ठेवलं. आयोगापर्यंत जायची माझी तयारी झाली होती. खरं सांगू का, थोडी हौसही आली होती.

ती वेळ आली नाही. मेलनंतर तेविसाव्या दिवशी फाटक वाजलं. तोच पोरगा. खोकं हातात घेतलं, मोबाइलवर टिचकी मारली, संपलं.

"आता रंग नाही पाहत का रे?"

"आज ते ऑप्शनच नाही आलं, मॅडम."

माझ्या मापाचा जोडा तोवर संपला होता, म्हणून पैसे परत आले. कळसूबाईला बारा दिवस उरले होते.

माप घ्यायची रीत आता मी कुणालाही ऐकवते. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर पूर्ण वजन देऊन, आणि सगळ्यांत लांब बोटापाशी खूण करायची. बसून घेतलेलं माप खोटं. माझा डावा 24.9 सेंटीमीटर निघाला, उजवा 24.4. मोठ्या पायाचं माप धरायचं आणि जोड्यात पुढे साधारण अंगठाभर जागा सोडायची. युके नंबरात अर्धा नंबर म्हणजे जेमतेम 4 मिलिमीटर, पण उतारावर तेवढ्याने नख काळं पडतं. आणि युके, युएस एक समजू नका.

तो कागद पर्समध्ये घालून सदर बाजारातल्या एका दुकानात गेले, मुद्दाम संध्याकाळी सातला. दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात, चढताना जसे सुजतात तसे. पळायचे मोजेही नेले होते. दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, लेडीजचे तिकडे." तिकडचे तीन घातले, तिन्ही चवड्यात आवळत होते. बायकांचे जोडे अनेकदा अरुंद साच्यावर बनवतात. मग पुरुषांच्या रांगेतला घेतला, आणि बोटं पहिल्यांदा पसरली. दुकानाचा जिना मी दहादा उतरले. मुलगा आधी हसला, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. 7,200 पडले. वॉटरप्रूफवाला घेतला नाही: वरून एकदा पाणी शिरलं की ते आतच राहतं, शिवाय एप्रिल-मेमध्ये त्यात पाय शिजतील. जाळीच्या जोड्याचा एकच ताप. पावसाळा सरला की गोरेवाड्याच्या गवतातली कुसळं जाळीतून मोज्यात घुसतात. चिमटा लागतो.

कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, उतारावरचे खडे, सगळं झालं. 1646 मीटरवरून उतरून बारी गावात जोडे काढले तेव्हा दहाही नखं गुलाबी. मी ती आधी नवऱ्याला दाखवली, मग व्हॉट्सॲपवर सगळ्या ग्रुपला.

घोट्याजवळ नाडीचं एक जास्तीचं भोक असतं, ते शोभेचं नाही. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घेऊन छोटा फास करायचा, समोरच्या बाजूची नाडी त्यातून ओढायची आणि मग गाठ. उतरताना पाय पुढे सरकत नाही. हे आधी माहीत असतं तर पहिला जोडा चालला असता का, असं एकदा मनात आलं. नसता चालला.

आणि जोडे धुतले तर गच्चीवर उन्हात ठेवू नका, गाडीच्या डिकीतही नाही. तळव्यातला फोम उष्णतेने आकसतो, डिंकही सुटतो. आपल्या 45 अंशांत तर नक्कीच. आतलं तळपट काढायचं, आत जुनं वर्तमानपत्र कोंबायचं, आणि सावलीत, कूलरसमोर.