पेडर रोडचा चढ

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी पहाटे साडेतीन वाजता दादरच्या आत्याने चहाचा कप आणि चार खजूर माझ्यापुढे ठेवून, "लोकल असताना एवढं पळायचं कशाला?" असे विचारले, तेव्हा त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. २००४ पासून भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमधील अर्धमॅरेथॉन माहीमच्या रेतीबंदरापाशी सुटते आणि २१.०९७ किलोमीटर धावून झाल्यावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ संपते. हे अंतर कागदावर जितके सोपे दिसते, तितकेच ते पहाटेच्या अंधारात शौचालयाच्या रांगेत उभे असताना अशक्य वाटू लागते.

वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी जाण्यास मनाई असल्यामुळे तिथे पाऊल टाकताना चोरून शिरल्यासारखे वाटले. गाडीतून कधी न जाणवलेला मधला हलका चढ पोटऱ्यांनी लगेच ओळखला. खाडीचा वास, खारा वारा आणि हजारो बुटांची एकसारखी थपथप यांखेरीज काही नव्हते. मधोमध अचानक थांबून सेल्फी काढणारे मात्र सारखे आडवे येत होते.

खरी परीक्षा हाजी अलीनंतर होती. तेरा-चौदा किलोमीटर झाल्यावर समोर येणारा पेडर रोडचा चढ बसच्या खिडकीतून मी असंख्य वेळा पाहिला होता, म्हणजे खरे तर कधीच पाहिला नव्हता. मी निमूटपणे चालू लागले. एका इमारतीच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेल्या आजींच्या मांडीवर सोललेल्या संत्र्यांचा स्टीलचा डबा होता आणि त्याच्या झाकणात मीठ होते. "मीठ लावून घे गं, पेटके येतील," असे म्हणत त्यांनी स्वतःच फोड मिठात बुडवून माझ्या तळहातावर ठेवली. ती तोंडात घोळवत मी केम्प्स कॉर्नरपर्यंत पोहोचले.

मरीन ड्राइव्हचा बाक सुंदर असला, तरी उरलेला रस्ता तो एकदम डोळ्यांपुढे मांडतो, आणि त्या वेळी हे नको असते. २ तास ४१ मिनिटांनी पदक गळ्यात पडले. त्यानंतर डोंबिवलीची लोकल गाठण्यासाठी टर्मिनससमोरच्या भुयारी मार्गाच्या पायऱ्या मी कठड्याला धरून उलट्या पावलांनी उतरले. माझ्या पुढे आणखी चौघे तसेच उतरत होते.