कंट्रीतल्या बायकांना रेडिओने कायम रडवलंय

जुनं अमेरिकन कंट्री म्युझिक, म्हणजे तिकडचं गावरान संगीत, ऐकताना मला गाण्यांइतकंच त्या बायकांच्या करिअरचं नवल वाटतं. १९५२ मध्ये किटी वेल्सने एका पुरुषाच्या हिट गाण्याला उत्तर देणारं गाणं म्हटलं, चुका फक्त बायकांच्याच कशा असं विचारणारं, आणि रेडिओवाल्यांनी नाकं मुरडली तरी ते कंट्री चार्टवर एक नंबरला गेलं, एकट्या बाईचं पहिलंच!

पण माझी फेव्हरेट लॉरेटा लिन. केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची पोरगी, पंधराव्या वर्षी लग्न, पोरंबाळं, आणि १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड आली तेव्हा ती नि नवरा रेकॉर्ड गाडीत टाकून रेडिओ स्टेशन टू स्टेशन फिरले, वाजवा हो म्हणून. नंतर १९७२ मध्ये सीएमएचा (कंट्री म्युझिक असोसिएशनचा) एंटरटेनर ऑफ द इयर पुरस्कार मिळवणारी पहिली बाई तीच, तरी १९७५ मध्ये गर्भनिरोधक गोळीवर गायली तर कित्येक स्टेशनांनी गाणं लावलंच नाही. (खपलं मात्र दणकून.)

दुसरी कंट्री गायिका डॉली पार्टन धंद्यातही पक्की, रॉक स्टार एल्विस प्रेस्लीच्या मॅनेजरने तिच्या गाण्याचे अर्धे हक्क मागितले तर सरळ नाही म्हणाली.

आणि २०१५ मध्येसुद्धा एक रेडिओ कन्सल्टंट म्हणतो, बायका म्हणजे सॅलडमधले टोमॅटो, जास्त नकोत. काय बोलायचं आता!