"मधू लिमये काढ"

आज रिमांडला वकील म्हणून उभी होते. पोरगा एकोणीस वर्षांचा, पायात स्लीपर, आई कोर्टाच्या पायरीवर डबा धरून बसलेली. अटक का केली हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, नुसती कागदावर सही घेतलेली. सरांना फोन लावला तर म्हणाले, "मधू लिमये काढ." म्हटलं, ते तर समाजवादी ना, गोवा मुक्तीवाले? सर हसले. "अगं, निवाडा काढ."

काढला. नोव्हेंबर १९६८, बिहारमधलं लखीसराय स्टेशन. पुण्यात जन्मलेला, मुंगेरमधून निवडून आलेला खासदार कलम १४४ ची जमावबंदी मोडली म्हणून धरला जातो. हा गडी थेट सुप्रीम कोर्टाला पत्र लिहितो. त्या पत्राचीच याचिका होते आणि डिसेंबरात कोर्ट म्हणतं, अटकेची कारणं कळवली नाहीत, घटनेच्या कलम २२(१) चा भंग झाला, सोडा. खरंच, कारणच माहीत नसेल तर माणूस वकिलाला सांगणार काय? पुढे आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली, तेव्हा याच माणसाने तुरुंगातून खासदारकी सोडली. (आमच्याकडे सोसायटीचं चेअरमनपद सुटत नाही, ते जाऊ दे.)

मॅजिस्ट्रेट साहेबांनी दोन पानं वाचली, चष्मा पुसला. "कारणं दिली होती का?" तपास अधिकारी फाईल चाळत राहिला.

साडेपाचला पोरगा सुटला. आईने डबा पायरीवरच उघडला. अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्याही वाट्याला आला.