बाजेखालच्या आठ विटा

मार्गशीर्ष अमावास्या, रात्रीचे साडेअकरा

आज कृत्तिका, तो ताऱ्यांचा पुंजका, पोटभर पाहिल्या. मान अवघडली नाही, हात थरथरले नाहीत.

संधिवाताला अकरा वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात तालुक्याला आकाशदर्शन होतं. दुर्बीण गच्चीवर, जिन्याला कठडा नाही. मी खालीच खुर्चीवर बसून राहिले, वरून लोकांचं "अरे वा!" ऐकत. कोणी एकदा डोकावून विचारलंसुद्धा नाही, ते फार लागलं.

मग मुलानं १० बाय ५०ची दुर्बीण आणली, दोन्ही डोळ्यांनी पाहायची. भिंगं ५० मिलिमीटरची, वस्तू दहापट मोठी दिसते. पण हाताची थरथरही दहापट होते. तारा जागेवर ठरेचना, नुसती उजेडाची रेघ नाचायची. त्यात वजन किलोभर. चार दिवसांत ती कपाटात गेली.

वाट काढली पुतण्यानं. आठवीत आहे. म्हणाला, "काकू, उभ्यानं काहून पाह्यतं? बाजेवर लेट ना."

इतकं साधं! आमच्या यवतमाळकडून या दिवसांत रात्री दहाच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात, माथ्यापासून जेमतेम चार अंश उत्तरेला. उभ्यानं पाहायचं तर मान मोडेल. अंगणात बाज टाकली, पण उठताना गुडघे बोलायला लागले. मग चारही खुरांखाली दोन-दोन विटा दिल्या. आता आधी टेकायचं, मग आडवं व्हायचं, उठताना पाय थेट जमिनीला लागतात. दोन्ही कोपरांखाली घरच्या कापसाच्या उशा. दुर्बिणीचा भार भुवयांवर आणि गालांवर येतो, तळवे फक्त तिला सावरतात. बोटांना काहीच काम नाही. तारे सगळेच इतके लांब, की स्पष्ट दिसण्याचं चक्र एकदा पुतण्याकडून फिरवून घेतलं की रात्रभर तसंच चालतं.

मृग नक्षत्रासाठी मात्र आरामखुर्ची बरी. तो आग्नेयेला, अर्ध्या आभाळावर असतो. ट्रॅक्टर आल्यापासून कोठ्यात पडून असलेली बैलांची तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, काढली, टोकाची आर, म्हणजे अणकुचीदार खिळा, उपटली, वरती दुर्बीण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधली. तुतारी दोन मांड्यांच्या मधे खुर्चीवर टेकवली की सगळं वजन तिच्यावर जातं. मृगाच्या तलवारीतला तो धुरकट ठिपका आज पहिल्यांदा स्थिर दिसला, फुंकर घातलेल्या राखेसारखा. नवे तारे तिथे जन्मतात.

साडेनऊलाच अंगणातला दिवा घालवला होता. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं तरी लागतात. टॉर्चवर लाल कापड बांधलं होतं. वाकळ छातीपर्यंत. वावराकडून ओल्या मातीचा वास येत होता, तुरीला पाणी चालू होतं.

आणि कृत्तिका! नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसतात, इथे मोजता मोजता तीसच्या पुढे गेले आणि मोजणं सोडून दिलं. मोठ्या दुर्बिणीत हा पुंजका अख्खा मावत नाही, या लहानीत सगळा मावतो. सुमारे ४४० प्रकाशवर्षं दूर. म्हणजे माझ्या डोळ्यात उतरला तो उजेड शिवाजी महाराजांच्या जन्माआधी निघालेला. पुतण्याला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता.

शेजारच्या आजींना पक्षाघातानंतर घराबाहेर पडवत नाही. संध्याकाळी त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मले बी दाखोशीन का?" उद्या त्यांची बाज आमच्या अंगणात आणायची. आणखी आठ विटा लागतील.