नदीकाठचा पांढरा दगड

शुक्रवार, रात्री. शिनों

आप्पांना, माझ्या वडिलांना, फ्रान्सला आणायचं तर सप्टेंबरातच, हे गेल्या वर्षीच ठरलं होतं. एप्रिलची खरड छाटणी होऊन काडी पिकलेली असते, ऑक्टोबरची गोडी छाटणी अजून तोंडावर आलेली नसते. द्राक्षवाल्याला घर सोडता येतं ते तेवढ्यातच. नांतला माझ्याकडे ते आठ दिवस राहिले, रोज संध्याकाळी ल्वारच्या काठावर फिरले आणि नवव्या दिवशी म्हणाले, "ही नदी येते कुठून ते दाखव." उगम हजारेक किलोमीटरवर, आर्देशच्या डोंगरात. तिथवर जाण्याएवढी सुट्टी नाही. म्हणून प्रवाहाच्या उलट दिशेने निदान शिनोंपर्यंत तरी यायचं ठरवलं.

शिनोंचा किल्ला डोंगराच्या लांबट सोंडेवर आहे. खाली ल्वारला मिळणारी व्हिएन नदी, मधे पाटीच्या दगडाच्या निळसर छपरांचं गाव. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क इथे फ्रान्सच्या राजपुत्र शार्लला भेटायला आली. तो दरबाराचा दिवाणखाना आज उभा नाही. एकच भिंत उरली आहे आणि तिच्यावर, वरच्या मजल्याच्या उंचीवर, एक मोठी शेकोटी अधांतरी राहिली आहे. खालची जमीनच गेली. मी त्या शेकोटीकडे बराच वेळ बघत होते. सतरा वर्षांची खेड्यातली मुलगी त्या भिंतीपाशी आली आणि मला फौज द्या म्हणाली.

आप्पांना मात्र दुसऱ्या हेन्रीची गोष्ट लागली. इंग्लंडचा राजा, पण त्याचा जीव या मुलखात. ६ जुलै ११८९ ला तो इथेच गेला. शेवटच्या दिवसांत त्याला कळलं, की आपल्यावर उठलेल्यांच्या यादीत धाकट्या जॉनचंही नाव आहे.

"म्हणजे सगळीच पोरं उलटली?"

"वेगवेगळ्या वेळी, पण चौघंही."

"जमिनीपायीच ना?"

"जमिनीपायीच."

आप्पा तटाला टेकून खाली नदीकडे बघत राहिले. आमच्या घरात वाटणीचा दावा अकरा वर्षं चालला होता. मी आणखी काही बोलले नाही.

शनिवार, रात्री. मोंसोरो

आजचा दिवस मोठा झाला. जेवढं आठवतंय तेवढं आताच लिहून ठेवते.

सकाळी फोंतव्रोचा मठ. ११०१ मध्ये स्थापन झालेला. इथे भिक्षू आणि भिक्षुणी दोन्ही असत आणि सगळ्यांवर अधिकार चाले तो मठाधिपती बाईचा. नेपोलियनच्या काळात त्याचा तुरुंग केला, तो १९६३ पर्यंत राहिला. एवढ्या मोठ्या पांढऱ्या सभागृहात आता फक्त चार समाधिशिल्पं आहेत. शिनोंहून हेन्रीला इथे आणलं. शेजारी त्याची राणी एलेनॉर. पोरांना फूस लावली म्हणून हेन्रीने तिला पंधराएक वर्षं कैदेत ठेवलं होतं. आता दोघं एकमेकांशेजारी निजले आहेत. त्याचे डोळे मिटलेले, आणि ती उघडं पुस्तक हातात धरून वाचते आहे. जवळच त्यांचा मुलगा सिंहहृदयी रिचर्ड, आणि जॉनची राणी इझाबेला.

इझाबेलाचं शिल्प लाकडाचं आहे, बाकीचे तिघं दगडाचे. रंग बराच उडालाय, म्हणून आतला दगड दिसतो. आप्पा पाठीमागे हात बांधून वाकले आणि म्हणाले, "हा कालच्या किल्ल्याचाच दगड आहे."

अगदी बरोबर. त्याला इथे त्युफो म्हणतात. नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाच्या गाळाचा हा चुनखडीचा दगड. खाणीतून काढताना इतका मऊ, की करवतीने कापता येतो. हवा लागली की वरून घट्ट होतो. नांतचं कॅथेड्रल याच दगडाचं. तो सपाट बुडाच्या नावांवर लादून ल्वारच्या पाण्यावरून खाली आला. सहा वर्षं मी त्या कॅथेड्रलवरून कामाला जाते आहे, पण तो दगड कुठून आला हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

दुपारी काँद-सँ-मार्ताँ. चर्चच्या मागून एक खडी गल्ली वर चढते. आप्पांचा गुडघा दुखतो, तीनदा थांबलो. वर पोचल्यावर दोन्ही नद्या समोर. डावीकडे वळत जाणारी रुंद ल्वार आणि उजवीकडून येऊन तिला भेटणारी व्हिएन. सप्टेंबरात पाणी कमी असतं, त्यामुळे ल्वारच्या पोटातले वाळूचे लांबलांब पट्टे उघडे पडले होते. उन्हाळ्यात त्यांच्यावर सुरय पक्षी अंडी घालतात, म्हणून त्या दिवसांत तिथे पाय ठेवू देत नाहीत. एका पट्ट्यावर राखी बगळा एकटाच उभा होता.

"नांदूरमध्यमेश्वरला उभं राहिल्यासारखं वाटतंय," आप्पा म्हणाले. आमच्या तालुक्यात गोदावरी आणि कादवा तिथे भेटतात. मी शाळेतून दर थंडीत तिथे पक्षी बघायला जायची. मलाही तेच आठवलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर घसा दाटून आला.

मग त्यांना संत मार्टिनची गोष्ट सांगितली. शिपाई असताना थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपली शाल तलवारीने अर्धी कापून दिली होती. पुढे तो तूरचा बिशप झाला आणि ३९७ च्या नोव्हेंबरात या गावात गेला. त्याचा देह कुणी न्यायचा यावरून प्वातिएचे आणि तूरचे लोक भांडू लागले. रात्री प्वातिएवाल्यांचा डोळा लागला तसा तूरच्या लोकांनी देह खिडकीतून बाहेर काढला आणि नावेत घालून नदीने नेला. ती नाव जाताना नोव्हेंबरातही दोन्ही काठ फुलले, असं सांगतात. नोव्हेंबरातल्या उबदार दिवसांना फ्रेंचमध्ये अजून संत मार्टिनचा उन्हाळा म्हणतात. आप्पांनी नकळत गळ्यातल्या माळेला हात लावला. "अर्धीच का दिली, सगळी का नाही, असं कुणी विचारलं असंल," ते म्हणाले. "पण अर्धी दिली म्हणून दोघंही जगले."

मोंसोरो तिथून हाकेच्या अंतरावर. पंधराव्या शतकातला हा वाडा एके काळी थेट नदीत पाय सोडून उभा होता. पुढचा रस्ता एकोणिसाव्या शतकातला. या काठच्या गावांत १८५६ च्या पुराच्या खुणा भिंतींवर कोरून ठेवलेल्या दिसतात. अशी एक रेघ आप्पांच्या खांद्यापर्यंत आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरलं तेव्हा ते ट्रॅक्टर घेऊन माणसं काढायला गेले होते. त्यांनी त्या रेघेवर तळहात टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

पण आजचा खरा दिवस त्यानंतर सुरू झाला. गावामागचा चढ चढून माथ्यावर गेलो. दिसेल तिथपर्यंत द्राक्षबागा, जास्त करून काबर्ने फ्राँ या वाइनच्या काळ्या द्राक्षाच्या. आमच्याकडे मांडव नाहीतर वाय आकाराचा आधार, बागेत उभ्याने काम. इथे वेल कमरेएवढी, तारांवर सरळ उभी बांधलेली. आप्पा ओळीत शिरले आणि खाली वाकून काहीतरी शोधायला लागले.

"ठिबकची नळी कुठाय?"

"नाही. पावसावरच."

"खडकावर? नुसत्या पावसावर?"

कडेला एक शेतकरी क्रेट मांडत होता. मी विचारलं तसा त्याने टाचेने माती उकरली. वीतभर खाली पांढरा दगड लागला. तोच. हा दगड स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, तो म्हणाला, आणि मुळ्या त्याच्या फटीफटींतून खोल जातात. मग त्याने खिशातून द्राक्षाची गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. आप्पांचा चेहरा असा उजळला, जणू परक्या गावात शेजारी भेटला. मणी पिळला, थेंब काचेवर, नळी उजेडाकडे धरून डोळ्याला. "एकवीस," आप्पा म्हणाले. त्या माणसाने बघितलं आणि बोटांनी एकवीसच दाखवले. वाइन आप्पा घेत नाहीत, माळकरी आहेत. त्यांनी एक मणी तोंडात टाकला. जाड साल, बारीक मणी, बियाच बिया. चावून चावून, बियांसकट खाल्ला.

रूटस्टॉकचंही, म्हणजे कलमाखालच्या खुंटाचंही, बोलणं निघालं. फिलोक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात इथल्या बागा झोपवल्या, तेव्हापासून इथे अमेरिकन खुंटावर कलम करतात. "आपला डॉगरिज खुंटही तिकडचाच," आप्पा मला म्हणाले. दिंडोरीच्या मामांनी वाइनरीसाठी शेनिन ब्लां जातीची द्राक्षवेल लावली आहे. ती मूळची या ल्वारकाठची, हे ऐकून त्या शेतकऱ्याने दिंडोरी हे नाव दोनदा म्हणून बघितलं.

परतताना एक गोष्ट दिसली, ती कधी विसरणार नाही. बागेच्या मधोमध, वेलींच्या ओळीतून, दगडी धुराडं वर आलेलं. आजूबाजूला घर नाही, भिंत नाही. आप्पा थबकले. घर खाली होतं, आमच्या पायाखाली. कड्यातून दगड काढून वाडे आणि चर्चं बांधली, त्या पोकळीत माणसं राहायला गेली. काही पोकळ्यांत आता वाइनची पिंपं आहेत, काहींत आळंबी पिकते. आत बाराही महिने बारा-तेरा अंशांचा गारवा.

"म्हणजे वाडा इथून निघाला," आप्पा एकेक शब्द जुळवत म्हणाले, "त्याच्या खड्ड्यात दारू, आणि वरती त्याच दगडावर बाग."

चार वेळा मी या भागात येऊन गेले. प्रत्येक वेळी किल्ल्यांचे फोटो काढले, वाइनच्या बाटल्या नेल्या. वाडा, वाइन आणि बाग या तिन्हींत एकच दगड आहे हे मला माझ्या बापाने दाखवलं. त्यांना फ्रेंच येत नाही आणि मराठीही ते सहीपुरतीच लिहितात.

रविवार, सकाळी. सोम्यूर

थोडक्यात लिहिते, गाडीची वेळ होत आली.

पंधराव्या शतकात बेरीच्या ड्यूकसाठी रंगवलेल्या प्रार्थनापुस्तकात सप्टेंबरच्या पानावर सोम्यूरचा हाच किल्ला आहे. वर पांढरे मनोरे, खाली द्राक्षतोडणी. ते चित्र फोनवर काढून आप्पांच्या हातात दिलं आणि किल्ल्यासमोर उभं केलं. त्यांनी चित्र मोठं करून आधी तोडणारी माणसं बघितली. एकजण काम थांबवून द्राक्ष तोंडात टाकतोय, तो त्यांना लगेच सापडला. २००१ मध्ये इथल्या तटाचा एक भाग कोसळला होता. मऊ दगड, त्यात पाणी मुरलं की असं होतं. नवा तट चढवायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

आता मी बाकावर बसून हे लिहिते आहे आणि आप्पा कठड्यापाशी फोनवर आहेत. काल त्या बागेत पानांवर त्यांना डाऊनी रोगाचे तेलकट डाग दिसले होते, तेव्हापासून घराकडे जीव लागलाय. खाली ल्वार, तिच्यावरचा पूल, पलीकडे वाळू. ते नदीकडे बघत मोठमोठ्याने सांगताहेत, "वरून बघू नको रे, पान उलटं कर. खालच्या अंगाला पांढरं दिसतंय का सांग. विहिरीकडच्या ओळीपासून सुरू कर, मी थांबतो फोनवर."